ध्वनीची नावनिशी

१९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेडरिक गाइसबर्ग कलकत्त्यास मेणाच्या जाड तबकड्या घेऊन ध्वनिमुद्रणासाठी बसला आणि त्याच्या यंत्राला जोडलेल्या कर्ण्यासमोर गौहरजान ही त्या काळची विख्यात गायिका गाऊ लागली, ही हकीकत संगीताच्या रसिकांना सामान्यतः ठाऊक असते. परंतु त्या मुद्रणातील ज्या एका तपशिलाकडे आपण केवळ कौतुकाने पाहून पुढे जातो, तो तपशील माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या साऱ्या व्यवसायाच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाचा आहे. गाणे संपून तबकडीवर थोडी जागा उरली की गौहरजान इंग्रजीत, स्पष्ट आणि ठसठशीत आवाजात, स्वतःचे नाव सांगत असे. जन्मतः ती अँजेलिना येओवर्ड. आईबरोबर धर्मांतर झाल्यावर जे नाव तिला मिळाले आणि ज्या नावाने तिने कीर्ती संपादन केली, ते नाव तिने अशा रीतीने स्वतःच्या तोंडाने मेणात कोरून ठेवले.

यामागचे प्रयोजन सर्वस्वी व्यावहारिक होते. तबकडी इकडे कोरली जाई, पण घडत असे जर्मनीत. मेणाच्या मूळ तबकड्या पेट्यांत बंद होऊन जहाजाने हानोव्हर शहरी जात, तेथे त्यांवरून धातूचे साचे निघत व साच्यांवरून विक्रीच्या तबकड्या दाबल्या जात. आणि त्या तबकड्यांना लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातूनच गेलेली असल्यामुळे आपली लाख व आपला आवाज निरनिराळ्या वाटांनी समुद्रापार जाऊन, तेथे एकजीव होऊन, परत आपल्याच बाजारात येत. त्या कारखान्यातील कामगाराला ठुमरी व दादरा यांतील भेद कळावा अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याला कळावयास हवे होते ते एवढेच, की हातातील तबकडी कोणाची आणि तिच्या मध्यावर कोणते लेबल चिकटवावयाचे. मेणावर अनुक्रमांक कोरलेला असे. पण अंक वाचण्यात चूक होते, कागद गहाळ होतो, म्हणून अखेरचा दाखला ध्वनीच्या पोटातच ठेवून देण्याची ही तजवीज. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाल्यावर तिची निकड उरली नाही व यथाकाल ही चाल मागे पडली.

ध्वनीला त्याच्या उगमापाशीच नाव चिकटले नाही तर पुढे त्याचा वारसा सांगणारा कोणी उरत नाही, ही गोष्ट हानोव्हरच्या कारखान्याला जितकी कळली होती तितकी ती आजच्या संगणकाला कळलेली दिसत नाही. सांप्रत कोणताही मुद्रक आपल्या संगणकावर मुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडून बसला, की त्याच्यासमोर जी यादी येते तीत गायक नसतो, पेटी नसते, तबला नसतो. असते ते ‘इनपुट १’, ‘इनपुट २’, ‘ॲनालॉग ३’, ‘ॲनालॉग ४’. कोणत्या वाटेने कोण येत आहे हे त्याने मनात ठेवावे, अन्यथा कागदावर लिहावे. ही अडचण तरुण मुद्रकांना नवी व क्षुल्लक वाटते. काही जण तिच्यावर चिडतात व पुढे सवयीने चिडणेही सोडून देतात. वस्तुतः ती नवी नाही व क्षुल्लकही नाही. ध्वनीच्या वाटेला नाव कोणी द्यावयाचे, हा या व्यवसायातील फार जुना प्रश्न आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न अर्थातच नव्हता, कारण वाट एकच होती. एका कर्ण्यासमोर गवई, त्याच्या आगेमागे साथीदार, आणि सर्वांचा आवाज त्या एकाच नळीतून सुईच्या टोकाशी जाऊन पोहोचे. वाट एक म्हणून नावही एकच राहिले व ते गवयाचे झाले. आमच्या जुन्या तबकड्यांची लेबले ज्यांनी हाती धरून पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल, की गायकाचे नाव, गीताचे आरंभीचे शब्द, रागाचे नाव, इतकेच काय पण गायक पेशेवाईक नसल्यास ‘अमॅच्युअर’ अशी नोंदसुद्धा तेथे छापलेली सापडते. मात्र तबल्यावर कोण होता व पेटीवर कोण होता याचा मजकूर बहुधा नसतो. तबकडी लावली की ठेका ऐकू येतो. ठेका धरणारे बोट कोणाचे, हे सांगणारा माणूस आज हयात नाही, आणि लेबलाने ते कधीच सांगितले नव्हते.

१९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली, आणि एकाऐवजी दोन, चार, सहा मायक्रोफोन एकाच वेळी वापरून त्यांचे प्रमाण मुद्रकाने हाताने राखणे शक्य झाले. मुंबईतील चित्रपटसंगीताचा पुढचा वैभवकाळ याच रीतीच्या मुद्रणाचा. महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब, ताडदेवचे फिल्म सेंटर, परळचे राजकमल या वास्तूंत पन्नास-पन्नास, साठ-साठ वादकांचा ताफा एकत्र बसून वाजवीत असे. गायक बाजूच्या कोठडीत उभा राही. आणि काचेपलीकडे बसलेला मुद्रक डोळ्यांनी वाद्यांची बैठक पाहत पाहत बोटांनी लेव्हल सांभाळी. माइकांची नावे त्याला लिहावी लागत नसत, कारण व्हायोलिनचा माइक कोणता व मेंडोलिनचा कोणता हे समोर दिसत होते. नावांचे दप्तर या काळात दुसऱ्याच हाती होते. बहुसंख्येने गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले संयोजक आणि वादक प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद लिहीत. त्याच्या माथ्यावर वाद्याचे नाव असे, आणि तो कागद ज्याच्या स्टँडवर त्याची ती जागा. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी हे कागद किती लिहिले असतील याची गणती नाही.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या मंडळींना क्वचितच स्थान मिळाले. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डा गावचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गीतात नायकाच्या तोंडी नाव घालावयाचे होते, तेव्हा या शिष्याने आपल्या गुरूचे नाव तेथे बसविले आणि जे नाव पडद्यावरील अक्षरांत येत नव्हते ते अवघ्या देशाच्या कानी गेले. गौहरजानने तबकडीच्या अखेरीस स्वतःचे नाव सांगितले. गोन्साल्विसांचे नाव पंचाहत्तर वर्षांनी दुसऱ्याने त्यांच्यासाठी सांगितले. या दोन घटनांच्या दरम्यान किती वादक नाव न सांगता येऊन गेले, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

वाटा वाढल्या तशी त्यांची व्यवस्था लावणे आले, आणि ही व्यवस्था मुद्रणगृहांनी तयार उचलली ती टेलिफोनच्या एक्स्चेंजकडून. मुंबईस टेलिफोन आला तो १८८२ साली. त्या एक्स्चेंजमधील फळीवर ओळीने भोके, प्रत्येक भोकाला एका ग्राहकाची तार जोडलेली, आणि दोन टोकांना खुंटी असलेली दोरी या भोकातून त्या भोकात खोचून संभाषण जोडून देणारा कर्मचारी, अशी रचना असे. आज गिटारच्या तारेच्या टोकाला जी पाव इंच जाडीची खुंटी असते ती त्या एक्स्चेंजच्या खुंटीची थेट वंशज आहे, आणि मुद्रणगृहातील पॅच-बे म्हणून जी भोकांची फळी असते तीही तीच. एक्स्चेंजच्या फळीवर भोकाखाली क्रमांक असत व कोणता क्रमांक कोणाचा याची नोंद जवळच असे. मुद्रणगृहाच्या फळीवरही भोकांच्या ओळीखाली कागदी पट्टीची जागा ठेवलेली असते, तिच्यावर काय लिहावयाचे हे यंत्र करणाऱ्याने ठरवावयाचे नसून यंत्र वापरणाऱ्याने ठरवावयाचे, असा तिचा अर्थ. ज्याची वहिवाट त्याची नोंद, हा आपल्या महसुली दप्तरातील न्याय येथे आपोआप पाळला गेला होता.

१९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाला एकाच फितीवर आठ स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करणारे यंत्र करून दिले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत चार, आठ, सोळा, चोवीस असे ट्रॅकचे आकडे वाढत गेले. दोन इंच रुंदीच्या फितीवर चोवीस ट्रॅक. सेकंदाला तीस इंच या गतीने अडीच हजार फुटांचे रीळ फिरविले तर ते सोळा-सतरा मिनिटांत संपे. मुद्रकासमोरच्या कन्सोलवर तितकेच, किंबहुना त्याहून अधिक चॅनल, एकासारखा एक, सगळ्यांवर त्याच कळा, आवाज कमी-अधिक करणारे तेच फेडर. या चोवीस जुळ्या भावंडांतून पेटी ओळखावयाची कशी? येथे जी युक्ती जगभरच्या मुद्रणगृहांनी अवलंबिली ती इतकी साधी आहे की तिचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, आणि मला या सबंध कथेत तीच सर्वांत प्रिय आहे.

फेडरांच्या खाली कन्सोलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोटभर रुंदीची एक कोरी पट्टी सोडलेली असे. मुद्रण सुरू होण्यापूर्वी साहाय्यक पांढऱ्या कागदी टेपचे रीळ घेऊन येई, तिचे टोक डाव्या कडेला दाबून धरी, आणि ती चर्रकन ओढून उजव्या कडेपर्यंत ताणून बसवी. मग काळ्या पेनने, प्रत्येक फेडरच्या नेमके खाली, तो लिहीत जाई: गायक, तंबोरा, तबला, डग्गा, पेटी, व्हायोलिन. अक्षर सुवाच्य हवे, आखूड हवे, आणि उभ्या माणसाला मंद दिव्यात वाचता यावे असे हवे. नवशिक्याला मिळणारे ते पहिले काम असे व वरिष्ठ त्याच्या अक्षरावरून त्याची पारख करीत. मुद्रण संपले की ती पट्टी फाटू न देता अलगद सोलून काढावयाची आणि एखाद्या फळीवर अथवा फितीच्या डब्याच्या आत चिकटवून ठेवावयाची, म्हणजे महिन्याने तेच काम पुन्हा निघाले तर ती जशीच्या तशी कन्सोलवर बसविता येई. डब्याच्या पाठीवर तक्ता असे, त्यात ट्रॅकच्या क्रमाने वाद्यांची नावे, तारीख, गती आणि कोणता टेक पसंत याची खूण. शिवाय फितीच्या आरंभी मुद्रक स्वतः टॉकबॅकवरून गीताचे नाव व टेकचा क्रमांक बोलून घेई. गौहरजानची चाल या ठिकाणी मुद्रकाच्या तोंडून पुन्हा जिवंत झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या नोंदींचे मोल किती, हे सांगण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. लंडनच्या ॲबे रोड मुद्रणगृहात बीटल्स या चौकडीने १९६२ ते १९७० या काळात जी मुद्रणे केली, त्यांचा दिवसवार इतिहास मार्क ल्यूइसन या संशोधकाने १९८८ साली प्रसिद्ध केला. कोणत्या दिवशी कोणते गीत, कितवा टेक, कशावर काय चढविले, याचा इतका बारीक तपशील त्याला देता आला त्याचे कारण उघड आहे. कंपनीच्या दप्तरात फिती होत्या, फितींचे डबे होते, डब्यांवर अक्षरे होती, आणि मुद्रणाचे कागद रीतसर भरलेले होते. ‘सार्जंट पेपर’ हा १९६७ चा सुप्रसिद्ध संग्रह चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला. चार ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या फितीच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवावयाचे आणि मोकळ्या जागी नवे वाजवावयाचे, अशा कृतीत एकेका ट्रॅकच्या पोटात पाच-सहा वाद्ये गडप होत. नावे लिहिलेली नसती तर त्या मिश्रणातून कोणता इतिहासकार काय निवडणार होता? एका अज्ञात साहाय्यकाने कंटाळा न करता लिहिलेले दोन शब्द वीस वर्षांनी इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन ठरतात, हे पेशवे दप्तराचे रुमाल उपसणाऱ्यांच्या देशात निराळे समजावून सांगावयास नको.

यानंतर संगणक आला. १९८९ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस हे सॉफ्टवेअर निघाले, १९९१ साली अमेरिकेत प्रो टूल्स निघाले, आणि दहा-पंधरा वर्षांत फीत, डबा व कन्सोल ही तिन्ही सामान्य मुद्रकाच्या घरातून दिसेनाशी झाली. खर्च घटला, जागा वाचली, चोवीसच्या ठिकाणी शेकडो ट्रॅक मिळू लागले. ज्या गावांत मुद्रणगृहाचे नावही कोणी ऐकले नव्हते तेथे मुद्रण होऊ लागले. हा लाभ मोठा आहे, आणि मी स्वतः त्याचा पुरेपूर उपभोग घेतलेला आहे. परंतु या स्थित्यंतरात पांढरी पट्टी गेली, आणि ती गेल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

१९९७ साली त्याच स्टाइनबर्ग कंपनीने ध्वनीचे यंत्र व मुद्रणाचे सॉफ्टवेअर यांनी परस्परांशी कसे बोलावे याचा एक करारनामा प्रसिद्ध केला. ‘एसिओ’ हे त्याचे नाव, आणि विंडोजवर काम करणारा मुद्रक आजही बहुधा त्याच कराराच्या आधारे काम करतो. त्यात असे ठरले आहे की सॉफ्टवेअरने यंत्राच्या वतीने संगणकाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरला प्रत्येक वाटेविषयी विचारावे व ड्रायव्हरने उत्तरादाखल त्या वाटेचे नाव कळवावे. नावासाठी जागा ठरवून दिली ती बत्तीस बाइटांची, त्यातही शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेसाठी. हानोव्हरहून हॅम्बुर्ग फार दूर नाही. परंतु हानोव्हरला नाव गाणाऱ्याच्या मुखातून गेले होते आणि हॅम्बुर्गच्या करारात ते यंत्र विकणाऱ्याच्या मुखातून यावयाचे ठरले, हे अंतर फार मोठे आहे. करार करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वाटेला काही तरी नाव असावे एवढे त्यांनी आवर्जून पाहिले. पण मुद्रकाने दिलेले नाव ड्रायव्हरकडे परत कसे पाठवावयाचे, याची कलमे त्यांनी घातली नाहीत, आणि मक्ता आपसूकच कारखानदाराकडे गेला.

कारखानदाराने त्या जागेत काय भरले हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. ‘एडॅट १’ ते ‘एडॅट ८’ अशी आठ नावे आजही असंख्य यंत्रांच्या यादीत सापडतात. एडॅट हे अलेसिस कंपनीच्या एका मुद्रणयंत्राचे नाव. नव्वदच्या दशकाच्या आरंभी निघालेले ते यंत्र व्हिडिओ कॅसेटच्या जातीच्या कॅसेटवर आठ ट्रॅक मुद्रित करीत असे. ते यंत्र केव्हाच अस्तंगत झाले, त्याची प्रकाशतंतूची जोडणी तेवढी उरली, आणि ज्यांनी ती कॅसेट जन्मात पाहिलेली नाही अशी मुले आपल्या पखवाजाचा आवाज ‘एडॅट ५’ या नावाखाली घेत आहेत. त्याखाली ‘एसपीडीआयएफ’ म्हणून एक जोडी असते. तिच्या आद्याक्षरांत सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांची नावे दडलेली आहेत. म्हणजे त्या यादीत कॅसेट करणाऱ्याला जागा मिळाली, तार करणाऱ्यांना जागा मिळाली. वाजविणाऱ्याला तेवढी मिळाली नाही. त्यातच काही ड्रायव्हर एकेक वाट न दाखविता जोडीजोडीने दाखवितात, काही पुढच्या भोकापासून मोजतात तर काही मागच्या, आणि एकच भोक यंत्राच्या पत्र्यावर एका नावाने, ड्रायव्हरमध्ये दुसऱ्या नावाने व सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या नावाने वावरते.

आपल्या लिपीच्या दृष्टीने त्या बत्तीस बाइटांचा हिशोब मी एकदा मांडून पाहिला. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून एकतीस अक्षरे बसतात. देवनागरी मजकूर आज ज्या यूटीएफ-आठ पद्धतीने साठविला जातो तीत प्रत्येक वर्णाला, प्रत्येक मात्रेला, अनुस्वाराला व हलन्तालासुद्धा प्रत्येकी तीन बाइट लागतात. तेव्हा अशा नावाला त्या जागेत दहा चिन्हे मिळतात. ‘तबला’ सहज मावतो, ‘संवादिनी’ मावते, ‘हार्मोनियम’ हा शब्द मोजून दहा चिन्हांचा असल्यामुळे तोही कसाबसा मावतो. पण दोन पेट्या असतील तर ‘हार्मोनियम २’ मावत नाही. हा कोणी मुद्दाम केलेला अन्याय नव्हे, तथापि ज्यांना दुसऱ्याच्या घरातील वाद्यांची नावे उच्चारण्याचा प्रसंग आला नाही त्यांनी घर बांधले म्हणजे खोल्या कशा होतात, याचे मोजमाप तेथे मिळते.

आता एक स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील हरिनाम सप्ताहात मी भजनाचे मुद्रण करावयास गेलो होतो. आठ वाटांचे यंत्र, आठ माइक: मुख्य गायक, दोन बाजूंचे टाळकरी, पखवाजाची शाईची बाजू, पखवाजाची कणकेची बाजू, पेटी, वीणेकरी, आणि आठवा माइक मंडपाच्या खांबाला, मागच्या माणसांचा आवाज घेण्यासाठी. सॉफ्टवेअरमध्ये मी प्रत्येक वाटेला नाव दिले होते व त्या नावांवर विसंबून होतो. तिसऱ्या रात्री ड्रायव्हरची नवी आवृत्ती आपोआप चढली, यंत्र निराळे समजले गेले, आणि उघडून पाहतो तो सगळी नावे जाऊन पुन्हा ‘इनपुट १’ ते ‘इनपुट ८’. गायक उभा राहिलेला, टाळ हातात घेतलेले. मी तसेच मुद्रण सुरू केले. त्या रात्री उत्तररात्रीच्या सुमारास वीणेकऱ्याच्या जवळ बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने एक अभंग उचलला, व तो आवाज इतका निर्मळ, इतका आतून आलेला होता की मंडप निःशब्द झाला. तो सातव्या वाटेने आला आणि ‘ऑडिओ ७_०३’ या नावाने साठविला गेला, कारण ही सॉफ्टवेअरे ध्वनीच्या फाइलला ट्रॅकचे त्या क्षणी जे नाव असेल तेच देतात. पहाटे सामान आवरताना कोणाला विचारावयाचे राहून गेले. पुढे विचारले तेव्हा कोणी म्हणाले ते पलीकडच्या गावचे, कोणी म्हणाले ते पाहुणे होते. तो अभंग माझ्यापाशी आहे. तो कोणी म्हटला हे मला सांगता येत नाही, आणि ही उणीव माझ्या मनातून जात नाही.

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. आज बहुतेक सॉफ्टवेअरांत वाटांना आपली नावे देण्याची सोय कोठे ना कोठे असते. क्यूबेसमध्ये ती जोडण्यांच्या तक्त्यात, लॉजिकमध्ये लेबलांच्या खिडकीत, प्रो टूल्समध्ये आय-ओ सेटअपमध्ये आणि रीपरमध्ये ध्वनीच्या मांडणीत टोपणनावांच्या रूपाने सापडते. पण ते नाव त्या सॉफ्टवेअरच्या अथवा त्या कामाच्या दप्तरात राहते; यंत्र बदलले, संगणक बदलला, दुसऱ्याचे काम उघडले, की पुष्कळदा ते सोबत येत नाही. याउलट युरोपीय प्रसारण संघाने १९९७ साली ध्वनिफाइलीच्या माथ्यावर मजकूर जोडण्याची जी पद्धत घालून दिली, आणि पुढे चित्रपटांच्या स्थलमुद्रकांसाठी आयएक्सएमएल या नावाने प्रत्येक ट्रॅकचे नाव फाइलमध्येच लिहिण्याची जी व्यवस्था झाली, ती योग्य दिशेची पावले होत. त्यांत नाव ध्वनीबरोबर प्रवास करते. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरांनी हीच रीत वाटांच्या नावांना लावावी, नाव यंत्राला विचारण्यापूर्वी मुद्रकाला विचारावे, आणि एकदा लिहिलेले नाव मुद्रकाने पुसल्यावाचून पुसू नये, अशी माझी मागणी आहे. ती अवघड नाही. तिच्यासाठी नवे विज्ञान लागत नाही.

ती पूर्ण होईपर्यंत, मराठी मुलखात जे तरुण आज कीर्तने, लावण्या, भारुडे, नाट्यपदे आणि घरोघरच्या ओव्या मुद्रित करीत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पिशवीत पांढऱ्या कागदी टेपचे एक रीळ व एक काळे पेन ठेवा, यंत्राच्या माथ्यावर पट्टी लावा, तिच्यावर वाद्याबरोबर वाजविणाऱ्याचेही नाव लिहा, आणि काम संपल्यावर ती सोलून वहीत चिकटवा. आणि मुद्रण सुरू करून पहिला सूर लागण्यापूर्वी, समोर बसलेल्या प्रत्येकाला, गायकाला, तबलजीला, मागे तंबोरा धरून बसलेल्या मुलीलासुद्धा, माइकमध्ये आपले नाव व गाव सांगावयास लावा.